पायी नर्मदा परिक्रमा: तारखा, पाय आणि पाठीवरचं वजन

पायी परिक्रमेची तयारी म्हटलं की आधी बॅग आणि बुटांची चर्चा सुरू होते. खरं तर पहिली वस्तू हवी ती दिनदर्शिका. परिक्रमा अर्ध्यावर सुटते तेव्हा कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: पहिल्या दहा दिवसांत पाय बिघडतात, नाहीतर शेवटच्या टप्प्यात उन्हाळा गाठतो. पहिलं कारण घाईचं, दुसरं हिशेबाचं. दोन्हींची व्यवस्था घर सोडण्याआधी लावता येते.

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. दोन्ही तीर मिळून २६२४ किलोमीटर झाले, पण एवढ्यात परिक्रमा होत नाही. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर या धरणांच्या जलाशयांनी जुन्या काठावरच्या वाटा पाण्याखाली घेतल्या. जलाशयाचं पाणी उपनद्यांतही आत शिरतं आणि प्रत्येक फाट्याला वळसा पडतो. त्यामुळे नियोजन करताना ३२०० किलोमीटर धरून चाला. कमी भरलं तर आनंदच आहे.

आधी शेवटची तारीख ठरवा

नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, हा मूळ नियम. चातुर्मासात, म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकादशी, परिक्रमा थांबते. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची परंपरागत परिक्रमा करणारे या काळात एका जागी मुक्काम करतात. एका हंगामात पूर्ण करणारे कार्तिकी एकादशीनंतर निघतात आणि पावसाळ्याच्या आत परततात. हातात साधारण सहा महिने येतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण आकडे मांडून बघा.

२० नोव्हेंबरला निघालात, आठ दिवसांच्या चालीमागे एक दिवस विश्रांती धरली, आणि आजारपण व समुद्रावर नावेची वाट बघणं यांसाठी एक आठवडा राखून ठेवला, असं समजू. रोज २५ किलोमीटरची सरासरी पडली तर १५१ दिवस लागतात, म्हणजे २० एप्रिल. २२ किलोमीटरने मे महिन्याची १० तारीख उजाडते. २० किलोमीटरने २६ मे. कागदावर दिवसाला पाच किलोमीटरचा फरक किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात तो निमाडातल्या, म्हणजे ओंकारेश्वर-खंडवा भागातल्या, अख्ख्या उन्हाळ्याचा असतो.

म्हणून कुठून सुरुवात करायची हा प्रश्न श्रद्धेइतकाच हवामानाचाही आहे. महाराष्ट्रातले बहुतेक लोक ओंकारेश्वरहून निघतात, कारण पोचायला सोपं: रेल्वेने खंडवा, तिथून बसने साधारण ७० किलोमीटर. ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरून पश्चिमेला चालायला लागलं की तीन-साडेतीन आठवड्यांत किंवा महिनाभरात समुद्र येतो. मग उत्तर तटाने महेश्वर, नेमावर, जबलपूर करत फेब्रुवारी-मार्चमध्ये अमरकंटक, आणि तिथून दक्षिण तटाने परत. अडचण या परतीतच आहे. नर्मदापुरम (जुनं होशंगाबाद), हंडिया आणि इंदिरासागरचा लांबलचक वळसा हे सगळं एप्रिलमध्ये येतं. पारा चाळिशीपार, सावली कमी, आणि अंगात पाच महिन्यांचा थकवा.

चाल संथ असेल, वय साठीपुढे असेल किंवा ऊन सोसत नसेल तर अमरकंटकहून सुरुवात करणं शहाणपणाचं. जवळचं स्टेशन पेंड्रा रोड, बिलासपूर-कटनी मार्गावर. थंडीच्या दिवसांत दक्षिण तट उतरून जाता येतो, फेब्रुवारीत समुद्र, मार्चमध्ये महेश्वर, आणि उन्हाळ्याची अखेर मंडला, दिंडोरी या भागात. तिथेही ऊन असतं, पण अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे आणि रात्री अंग निवतं. लोक या पर्यायाचा विचार कमी करतात. करायला हवा.

एवढी रजा मिळत नसेल तर खंड परिक्रमा करता येते: दर वर्षी एक टप्पा, आणि पुढच्या वेळी जिथे सोडलं तिथूनच सुरुवात. नुसता अंदाज घ्यायचा असेल तर चैत्रात गुजरातमधल्या तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा होते. ती एका दिवसात संपते. पण तिच्यावरून मोठ्या परिक्रमेची क्षमता ठरवू नका. एक दिवस कुणीही चालतो, कस लागतो तो नवव्या दिवशी.

तीन महिन्यांचा सराव

पहिल्या महिन्यात आठवड्यातून चार दिवस ६ ते ८ किलोमीटर, बॅगेविना. दुसऱ्या महिन्यात चालीचे दिवस तेवढेच, पण दोनदा १२ ते १५ किलोमीटर आणि पाठीवर ४ किलो. तिसऱ्या महिन्यात दर शनिवार-रविवारी लागोपाठ २० किलोमीटर, पूर्ण बॅग घेऊन. यात लागोपाठला महत्त्व आहे. शनिवारी २० चालून सोमवारी बरं वाटणं वेगळं, आणि शनिवारच्या दुखऱ्या पायांनी रविवारी पुन्हा २० चालणं वेगळं.

सराव बागेतल्या मऊ मातीवर करू नका. परिक्रमेचा बराच भाग आता डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवरून जातो, आणि गुडघे, टाचा तिथेच बोलायला लागतात. सकाळी अकराच्या उन्हात डांबरावर दोन तास चालून बघा. बूट अर्धा-एक नंबर मोठा का घ्यायचा ते तेव्हा कळेल, कारण उष्णतेने पाऊल फुगतं आणि उतारावर अंगठा पुढे आपटून नखं काळी पडतात.

मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना “रोज सहा तास चालणार आहे” असं स्पष्ट सांगून मात्रा ठरवून घ्या. एवढ्या चालीत साखर आणि दाब दोन्ही उतरतात, आणि घरचीच मात्रा चालू ठेवली तर रस्त्यात चक्कर येते.

पाठीवर काय

पाणी सोडून सगळं ७ किलोंच्या आत. अंगाच्या वजनाचा दहावा भाग ही वरची मर्यादा, आणि ५५ किलोंच्या माणसासाठी ती साडेपाचच आहे. निघण्याआधी बॅग काट्यावर ठेवा. हाताने उचलून “ठीक आहे” म्हणण्यात काही अर्थ नसतो.

अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड, परंपरेने पांढरे. एक पातळ स्वेटर, कानटोपी, पंचा. एक किलोपर्यंतची स्लीपिंग बॅग किंवा घोंगडी, खाली घालायला सहा बाय चार फुटांचं प्लास्टिक आणि पातळ चटई. ताटली, पेला, चमचा. डोक्याला लावायचा टॉर्च. एक लिटरच्या दोन बाटल्या. सुई-दोरा, आठ-दहा सेफ्टी पिना, चार मीटर नायलॉनची दोरी. डासांचं मलम. आधार कार्डाच्या दोन-तीन प्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. एक छोटी वही, कारण आश्रमांत शिक्का आणि तारीख घेण्याची पद्धत आहे. ओंकारेश्वरला नगर परिषदेकडून परिक्रमावासी असल्याचा दाखला मिळतो, तो सुरुवातीलाच घ्या. पुढे मुक्कामाला विचारणा झाली तर उपयोगी पडतो.

स्टोव्ह, तंबू, जाड पोथी, तीन-तीन स्वेटर हे पहिल्या आठवड्यात कुठल्यातरी आश्रमात सोडून दिलं जातं. घरीच सोडा. तंबूची गरज जवळजवळ कुठेच पडत नाही, कारण किनाऱ्यावर आश्रम, धर्मशाळा, मंदिरं आणि गावकऱ्यांच्या ओसऱ्या आहेत.

काठी मात्र हवीच. छातीएवढी उंच, बांबूची, खाली रबरी टोपण. कुत्र्यांना लांब ठेवायला, ओढ्याचा तळ चाचपायला आणि उतारावर गुडघ्याचा भार घ्यायला ती लागते.

बुटांचा एक जोड सगळी परिक्रमा पुरत नाही. ८०० ते १००० किलोमीटरनंतर तळव्यातली मऊ गादी बसते. वरून बूट धड दिसतो, पण टाच दुखायला लागते, आणि दुखण्याचं कारण वय आहे असं समजून लोक गोळ्या घेत राहतात. बडवानी, अंकलेश्वर, जबलपूर ही बूट बदलायची सोयीची गावं. सोबत हलके सँडल असू द्या: संध्याकाळी आश्रमात, ओढ्यात आणि पाय सुजले असतील त्या दिवशी चालायलाही.

पहिले दहा दिवस

संकल्प, कन्यापूजन, कढईचा शिरा, पुरुषांचं मुंडन हे झाल्यावर छोट्या बाटलीत नर्मदाजल भरून घेतात, आणि ती बाटली शेवटपर्यंत सोबत राहते. उत्साह ओसंडत असतो आणि पहिल्याच दिवशी ३० किलोमीटर मारण्याचा मोह होतो. ते करू नका. पहिले चार दिवस १० ते १२ किलोमीटर, पाचव्यापासून आठव्यापर्यंत १५ ते १८, दहाव्या दिवसानंतर हळूहळू २५. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर तो अतिचालीचा इशारा असतो. त्यावर मालिश करून चालत राहिलं की दोन दिवसांची विश्रांती दोन आठवड्यांवर जाते.

फोड येण्याला तीन गोष्टी लागतात: घाम, उष्णता आणि घर्षण. यातली एक काढली तरी फोड टळतो. सकाळी कोरड्या पायांना बोटांच्या मधून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, त्यावर पातळ मोजा, त्यावर जाड मोजा. दर दीड तासाने बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं वाऱ्यावर. एखादी जागा गरम लागली की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा. “पुढच्या गावात बघू” म्हटलं की पुढच्या गावात फोडच बघावा लागतो.

फोड आलाच आणि टम्म फुगला, तर संध्याकाळी पाय साबणाने धुऊन पुसा. सुई स्पिरिटने किंवा ज्योतीवर निर्जंतुक करा आणि फोडाच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं पाडा. स्वच्छ कापसाने दाबून पाणी काढा. वरची कातडी अजिबात काढू नका, तीच खरी मलमपट्टी. त्यावर बेटाडिन, रात्रभर उघडं, सकाळी चालण्याआधी पट्टी. फोडातून दोरा ओवून ठेवायचा उपाय वाटेत पुष्कळ जण सुचवतील. त्या दोऱ्यावरून घाण आत जाते आणि पू होतो. टाचेच्या जाड कातडीखालचा फोड फोडायचाच नाही. मधुमेह असेल तर कुठलाच फोड स्वतः फोडू नये, दवाखाना गाठावा.

दिवस कसा चालतो

उजाडल्यावर निघा, अंधारात नाही. अंधारात ट्रक, कुत्री आणि साप या तिघांनाही तुम्ही उशिरा दिसता. बॅगेसह तासाला चार किलोमीटर पडतात. साडेदहापर्यंत १४-१५ करून घ्या, दुपारी सावलीत तीन तास, मग उरलेले. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चार-साडेचारला मुक्काम गाठलेला बरा. आसन लावायला, म्हणजे अंथरूण टाकायला, जागा मिळते आणि कपडे वाळतात.

पुढच्या मुक्कामाची माहिती आधल्या रात्री आश्रमातच विचारा, समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला नाही. गावात अंतर विचारलं तर “बस, दो किलोमीटर” हे उत्तर ठरलेलं असतं, आणि अर्ध्या तासाने पुढच्या माणसाकडूनही तेच मिळतं. “पैदल कितना टाइम लगेगा” असं विचारलं तर निदान आकडा माणसागणिक बदलतो आणि सरासरी काढता येते.

आश्रमात पोचल्यावर “नर्मदे हर” म्हणायचं, आणि “कितनी मूर्ति?” विचारलं तर माणसांची संख्या सांगायची. काही ठिकाणी तयार भोजनप्रसादी असते, काही ठिकाणी सदाव्रत म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. तो शिजवता यायला हवा. चुलीवर टिक्कड (जाड रोटी) आणि डाळ एवढं घरी दोनदा करून बघा. मागणी करायची नसते, मिळेल ते घ्यायचं, आणि सकाळी निघताना जागा झाडून निघायचं. पैसे घेतले जात नाहीत, पण दानपेटी असते. शिवाय चहा, औषधं, नावेचं भाडं हे खर्च आहेतच. रोजचे शंभर ते दोनशे रुपये धरा, सुट्ट्या नोटा ठेवा. मोबाइलवरून पैसे देणं शहरांत चालतं, जंगलात नाही.

दोघं किंवा तिघं हा सोबतीचा उत्तम आकडा. चारांच्या वर गेलं की चालीचा वेग जुळत नाही आणि छोट्या आश्रमात जागा पुरत नाही. आश्रमात कुटुंबं राहतात का, शौचालय आहे का, हे बायकांनी आधल्या मुक्कामावरच विचारून पुढचा टप्पा बेतावा. त्यासाठी पाच किलोमीटर कमी चालावं लागलं तरी चालेल.

पाण्याबाबत भावना बाजूला ठेवा. आचमन नर्मदेचं, पिण्याचं पाणी हातपंपाचं किंवा उकळलेलं, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबलेलं. जुलाब लागले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दिवसभर घोट घोट. त्या दिवशी चालायचं नाही.

धरणांखालच्या वाळूत झोपू नका आणि पात्रात लांब उतरू नका. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावास्येच्या यात्रेत वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने पन्नासहून जास्त लोक वाहून गेले. पाणी पावसाशिवाय, निरभ्र आकाशाखाली वाढतं, म्हणून फसगत होते. आंघोळ घाटावरच करा. मगरींच्या पाट्या असतील तिथे पायरीवर बसून तांब्याने घ्या, आणि साबण नदीत नको.

शूलपाणीची झाडी

दक्षिण तटावर बडवानीच्या पुढे सातपुड्याचा हा डोंगराळ पट्टा लागतो आणि त्यातला मोठा भाग आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत येतो. भिल्ल आणि पावरा वस्त्या, तीव्र चढ-उतार, मोबाइलला रेंज जवळपास नाही. परिक्रमावासीयांना लुटण्याच्या कथा इथल्याच. आता तसं क्वचित घडतं, उलट पाड्यावरची माणसं घरातली भाकरी पुढे करतात. मौल्यवान वस्तू मात्र मुळातच सोबत नसाव्यात.

सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून काठाची जुनी वाट राहिलेली नाही, आताची पायवाट डोंगराच्या अंगाने वरून जाते. पाच-सहा दिवस धरा. बडवानीत एक दिवस विश्रांती घ्या, घरी फोन करून पुढचे काही दिवस संपर्क नसेल हे सांगा, आणि तीन ते पाच जणांच्या गटातच आत शिरा. माणशी अर्धा किलो शेंगदाणे आणि गूळ, अर्धा किलो सातू आणि थोडा खजूर घ्या, एवढ्यावर दोन दिवस निघतात. इथे दिवसाला १५ किलोमीटर झाले तरी चांगले झाले समजा. पायवाटेला फाटा फुटला आणि विचारायला कुणी नसेल तर थांबा, गुराखी किंवा शाळेची पोरं येतातच. अंदाजाने उतरायला लागलं की चुकीची वाट जलाशयाच्या पाण्यावर जाऊन संपते आणि तेवढाच चढ परत चढावा लागतो.

गुडघे साथ देत नसतील तर शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा सडकेचा मार्ग आहे. वाहनाने परिक्रमा करणारे तोच घेतात. लांब पडतो आणि रहदारीचा आहे, पण दवाखाने आणि दुकानं मिळतात. त्यात कमीपणा काही नाही.

पुढे एक मोह आडवा येतो. सरदार वल्लभभाई पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला तो साधू बेटावर, आणि बेट म्हणजे पात्राच्या आत. परिक्रमावासी बेटावर पाऊल ठेवत नाहीत. ओंकारेश्वरचं ज्योतिर्लिंगसुद्धा मांधाता बेटावर असल्यामुळे संकल्पाआधी आणि समाप्तीनंतरच दर्शन घेतात, मधल्या काळात दक्षिण तटावरचा ममलेश्वर. भरूचजवळच्या कबीरवडालाही हेच लागू, तेही बेटच.

समुद्र

अंकलेश्वर, हांसोट करत कठपोर-विमलेश्वरला पोचलात की पुढे वाट संपते. इथून नावेने खाडी ओलांडून उत्तर तटावरच्या मीठी तलाईला उतरायचं. सगळी परिक्रमा पायी असली तरी एवढा टप्पा नावेचाच. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड आहे आणि नाव भरतीवरच सुटते, त्यामुळे वेळ तुमच्या सोयीची नसते. कधी पहाट, कधी मध्यरात्र. पोचल्या पोचल्या स्वतःचं नाव नोंदवा आणि एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा. म्हणून वर हिशेबात तो आठवडा धरला आहे.

नावेत बसायच्या आधी स्लीपिंग बॅग आणि कागदपत्रं जाड प्लास्टिक पिशवीत गाठ मारून ठेवा. बूट काढून बॅगेला बांधा, सँडल घाला, कारण चढता-उतरताना पिंढरीभर गाळ असतो. पाणी दोन लिटर जवळ हवं, समोरच्या किनाऱ्यावर गोडं पाणी लगेच मिळत नाही. उलटीचा त्रास असेल तर गोळी तासभर आधी घ्या. संगमावर बाटलीतलं थोडं जल सोडून तिथलं थोडं भरून घेण्याची पद्धत आहे, तेव्हा ती बाटली बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

उत्तर तट आणि परतीचं ऊन

उत्तर तटावर गुजरातमध्ये नारेश्वर, चांदोद, गरुडेश्वर ही मराठी दत्तभक्तांच्या ओळखीची ठिकाणं. मुक्कामाच्या सोयी चांगल्या आहेत, चाल वाढवायला हाच पट्टा योग्य. २८-३० किलोमीटरचे दिवस इथे जमवले तर पुढे उन्हाळ्यात १८ वर यायची मुभा राहते. जबलपूरनंतर बरगीच्या जलाशयाचा वळसा आणि मंडल्यापुढे जंगल, तिथे पुन्हा दोन दिवसांचं कोरडं खाणं जवळ ठेवा. अमरकंटकला उगमाला वळसा घालून तट बदलतो, पात्र ओलांडावं लागत नाही.

ओंकारेश्वरहून निघालेल्यांनी मार्चअखेरीपासून वेळापत्रक उलटं करावं: पहाटे फटफटताच सुरुवात, दहाला थांबायचं, साडेचारनंतर दोन तास. ओला पंचा डोक्यावर, दिवसाला पाच लिटर पाणी, आणि लघवी गडद पिवळी दिसली की पुढचा टप्पा रद्द. अंग तापलंय पण घाम येत नाही, बोलण्यात गडबड होतेय, अशी लक्षणं सोबत्यात दिसली तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्या. परिक्रमा खंडित होईल का, हा विचार त्या वेळी करायचा नाही.

परतीचं रेल्वे तिकीट हंडिया ओलांडेपर्यंत काढू नका. तारखेला बांधलेला माणूस शेवटचे दीडशे किलोमीटर धावत सुटतो आणि पाय तिथे मोडून घेतो.